सातव्या जागेवरचा सा

लाइट काही आठशिवाय येत नाही. तो कंदील जरा अलीकडे ओढ, म्हणजे सांगतो. मध्येच उठून जाणार असशील तर आत्ताच जा.

काम अगदी साधं होतं. मुलं मोजायची आणि सही करून परत यायचं. एकोणीसशे नव्याण्णवचा ऑगस्ट. मी तेव्हा हिंगोलीत एका शाळेत संगीत शिकवत होतो आणि गायनाच्या परीक्षा घेणारं एक मंडळ मला अधूनमधून अशा कामांना पिटाळायचं. सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका संगीत विद्यालयानं परीक्षेचं केंद्र मागितलं होतं. पटावर निदान पंधरा विद्यार्थी हवेत आणि ते तपासणाऱ्यानं स्वतः पाहिलेले हवेत, असा नियम. मला त्यात फारसा रस नव्हता. औंढ्याहून हिंगोलीला जाणारी संध्याकाळची गाडी चुकू नये, एवढीच काळजी होती.

विद्यालय म्हणजे धरण बांधताना सिमेंट ठेवायला उभारलेली पत्र्याची लांबलचक शेड. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला तांडा आणि मागे पाणी. दाराबाहेर तांड्यावरची एक बाई भिंतीला पाठ लावून बसली होती. डोक्यावर आरशांची जुनी ओढणी, मान दाराकडे कललेली. "विद्यालय हेच का?" असं मी विचारलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. मला रागच आला. तपासायला आलेल्या माणसाला असं कुणी गप्प करत नाही.

तेवढ्यात ग्यानबा गुरुजींच्या पत्नी, शालूबाई, बाहेर आल्या. विद्यालयाचं दफ्तर त्याच सांभाळत, कारण गुरुजींना दिसत नव्हतं. लहानपणी देवीच्या साथीत त्यांचे दोन्ही डोळे गेले होते.

"या सर. चपला हितंच काढा. अन् आत आल्यावर जरा सावकाश पाय टाका. अंधार हाय."

अंधार होता म्हणजे, बाहेर भर दुपार आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा. सगळ्या खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. ओल्या पोत्यांचा, जुन्या सिमेंटचा आणि पुष्कळ लेकरं बसली की येतो तसा घामाचा वास. पत्र्यावरून मागे कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मी चाचपडत एका सतरंजीवर बसलो.

"लाइट गेलीय का?"

"हाय की," समोरून गुरुजींचा आवाज आला. आवाज खोल आणि शांत होता. "लावत न्हाई आमी."

"का बरं?"

"उजेड असला की पोरगं पहिलं शेजारी बघतं. कोण तांड्याचं, कोण पाटलाचं, कुणाचा सदरा फाटका. मी ल्हान होतो तवा भजनाला मला सगळ्यांच्या मागं बसवायचे. तवाच ठरवलं, आपली शाळा काढली तर तिथं कुणाला कुणी दिसायचं न्हाई. बराबर हाय का न्हाई?"

मला ते जरा नाटकीच वाटलं. पुढे ते शिकवण्याबद्दल सांगू लागले. पहिलं वर्षभर फक्त सा. पेटी नाही, तंबोरा नाही, कारण दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती. तंबोऱ्याचं काम मुलांनीच करायचं. एकानं सा लावला की त्याचा दम संपण्याआधी शेजारच्यानं तोच सा उचलायचा, त्याचा संपण्याआधी तिसऱ्यानं. सूर मध्ये कुठेही तुटता कामा नये.

"आपल्या एकट्याचा दम किती असतो हो, सर? मुठीएवढा. दुसऱ्यानं धरला की तो सरतच न्हाई. म्या लेकरांना एकच शिकवलंय. सूर सोडायचा न्हाई."

"मंडळाच्या पहिल्या परीक्षेला बरेच राग आहेत, गुरुजी," मी म्हणालो. "तुमच्याकडे एकच सूर. परीक्षक डोक्याला हात लावून बसेल."

अंधारात मुलं खुदकन हसली. गुरुजीही हसले. "आधी हजेरी तर ऐका."

हजेरीसुद्धा सा लावूनच होती. गुरुजी आवाजावरून नाव घेत आणि शालूबाई दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात वही धरून खूण करत. पहिला सा लागला. "देविदास." त्याच्यावर दुसरा चढला. "संगिता." तिसरा, चौथा... माझा कान चांगला आहे, हे मी काही नम्रपणे सांगणार नाही. चांगलाच आहे. आणि त्या कानाला त्या लेकरांच्या सुरात खोट सापडेना. मोठमोठ्या गवयांच्या शिष्यांना जे जमत नाही ते ही शेरडं राखणारी पोरं करत होती. सहावा भागवत. मग सातवा आवाज आला. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा असावा. मध्येच तिनं घाईघाईनं एक श्वास घेतला, लहान मुलं घेतात तसा, आणि पुन्हा सूर धरला. इतका शुद्ध सा मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंधार होता म्हणून बरं.

"शिला," गुरुजी म्हणाले. आवाजात माया होती.

पंधरा सूर झाले. मी समाधानानं म्हणालो, "आता एकदा गोणपाट काढा. नियम आहे, डोळ्यांनी बघून मोजावं लागतं."

शालूबाईंनी आधी वही मिटली. मग एकेक गोणपाट वर केलं.

मुलं चौदा होती. मी तीनदा मोजली. सहावा भागवत आणि आठवी प्रियंका यांच्यामध्ये एक लेकरू बसेल एवढी सतरंजी रिकामी होती आणि दोघांपैकी कुणीही तिच्यावर सरकलं नव्हतं. सगळी मुलं माझ्याकडे शांतपणे बघत होती.

गुरुजींनी मुलांना पाणी प्यायला सोडलं आणि स्वतः काठी टेकत बाहेरच्या लिंबाखाली गेले. मी शालूबाईंना आतच गाठलं.

"सातवी मुलगी कुठंय?"

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "शिला न्हाई सर आता. मागल्या वर्षी कपडे धुवायला गेली अन् धरणात... बाहेर बसलीय ती रूपाबाई, तिची माय. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, हजेरीला सातव्या जागेवर सूर तुटंल, अन् ह्यांना कसं सांगू. तर तुटलाच न्हाई. शिलाचा सा आला. ह्यांनी नाव घेतलं, म्या खूण केली. तवापासून रोज. ह्यांना अजून कुणी सांगितलं न्हाई. रूपाबाई रोज दारात येऊन बसती, तेवढंच ऐकाया. दुसरं काय हाय तिला?"

आता खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आणि घाबरलो की माझी जीभ जास्त कडक होते, ही माझी जुनी खोड आहे. मी ओरडलोच.

"अहो, मेलेल्या मुलीची हजेरी लावता? ती मेलीय! मेलेलं माणूस पटावर राहत नाही, शालूबाई!"

शेड रिकामी होती. माझं वाक्य पत्र्यावर आपटून परत आलं. मागचं ठिबकणारं पाणी थांबलं, असं मला वाटलं.

मी बाहेर आलो तेव्हा गुरुजी उभे राहिले होते.

"काय बोललात, सर?"

"गुरुजी, माफ करा. पण तुमच्यापासून हे सगळे लपवतायत. ती शिला..."

"मला ठाऊक हाय," ते हळूच म्हणाले. "ज्या दिवशी तिला पाण्यातून काढलं त्या दिवशीच. तांड्यावरचं रडणं आंधळ्याला ऐकू येत न्हाई व्हय? शालूला वाटतं मला ठाऊक न्हाई. वाटू दे." त्यांनी माझा दंड धरला. "पर शिलाला ठाऊक न्हाई, सर. तिला कुणी सांगितलंच न्हाई. म्हणून येऊन राहिली ती. तुमी हे बोललात कुठं?"

"वर्गात," मी म्हणालो.

दाराजवळची रूपाबाई उठून आमच्यापाशी आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मला एक शब्दही वाकडा बोलली नाही, आणि ते जास्त लागलं. तिनं फक्त विचारलं, "सर, आता यील का ती?"

मी गाडीचा विचार सोडून दिला. गुरुजींनी मुलांना पुन्हा आत घेतलं. गोणपाट खाली आलं. या वेळी मी सतरंजीवर न बसता भुईवरच बसलो, भागवतच्या मागे. आत आता ओल्या चिखलाचा वास येत होता. मघाशी नव्हता.

"देविदास," गुरुजी म्हणाले. "संगिता." सूर एकावरून दुसऱ्यावर जात होता. पाचवा झाला. सहावा भागवत. त्यानं सा लावला आणि धरून ठेवला. पुढचा सूर येईना. पोरगं जिवाच्या आकांतानं धरून होतं. त्याचा आवाज कापायला लागला, बारीक झाला... आणि तुटला.

शेडमध्ये काहीही नव्हतं. कुणाचा श्वाससुद्धा नव्हता. दाराबाहेर रूपाबाईच्या बांगड्या एकदा वाजल्या. मला माझीच इतकी लाज वाटली की मी त्या अंधारात हात जोडले.

"बाळ," मी म्हणालो, "माझं चुकलं... मी बोलायला नको होतं."

मग तो आला. अगदी खालून, भुईतून वर यावा तसा. तोच सा, तोच आवाज, पण आता भरलेला. गुरुजी कसंबसं म्हणाले, "शिला." प्रियंकानं आपला सूर त्यात मिसळला, मग पुढच्यानं. पंधरावा झाला. गुरुजींनी टाळी वाजवली, म्हणजे थांबायची खूण. सगळे थांबले.

ती थांबली नाही.

मी वाट बघत होतो की आता मध्येच श्वास घेईल, मघासारखा. तिनं तो घेतला नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. सूर तसाच सरळ. पत्रा त्या सुरानं हलका हलका वाजत होता आणि माझ्या फासळ्याही. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं त्यात. आयुष्यभर ज्याला सूर म्हणत आलो तो मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला, असं वाटलं. मी भुईला डोकं टेकलं.

"आता तिला कळलं..." गुरुजी पुटपुटले. "श्वास घेऊन न्हाई राहिली ती."

दार उघडलं. उजेडात रूपाबाई उभी होती. चेहरा ओला होता, पण ती रडत नव्हती. ती तांड्याच्या बोलीत काही म्हणाली, आणि ते समजायला मला कुणी सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, शिला, चल घरी.

सूर सातव्या जागेवरून उठला. माझ्या उजव्या कानाशेजारून गेला, दारातून बाहेर पडला. रूपाबाई वळली आणि तांड्याच्या वाटेला लागली. ती लांब जाईल तसा सूर बारीक होत गेला. ती बांधापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा तोही ऐकू येईना.

मंडळाच्या कागदावर मी पंधरा लिहिलं. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. केंद्र मिळालं.

डिसेंबरात परीक्षा झाली. मंडळानं मलाच परीक्षक म्हणून धाडलं होतं. ती आटोपून मी आणि गुरुजी लिंबाखाली चहा पीत होतो, तेव्हा रूपाबाई आली. निम्मी झाली होती. डोळे जागरणानं लाल, पण चेहऱ्यावर एक विलक्षण तेज होतं. ती गुरुजींच्या पायाशी बसली.

"गुरुजी, ती थांबंना."

गुरुजींनी कप खाली ठेवला.

"त्या दिसापासून चालूच हाय. मी भाकरी थापते, निजते, उठते, ती हायेच. मला लई बरं वाटलं पहिल्यांदा. देवच घरी आल्यावाणी. पर आता चार महिने झाले. तुमचं ऐकंल ती. तिला थांबाया शिकवा, गुरुजी."

गुरुजींची आंधळी बुबुळं पाण्याच्या दिशेला लागली होती. मग ते जे बोलले ते मला आजही झोपेत ऐकू येतं.

"ते मी कुणालाच शिकवलं न्हाई, रूपाबाई."

तिनं मान हलवली, जणू तिला हे ठाऊकच होतं. ओढणी सारखी करून ती उठली आणि माझ्या शेजारून निघाली. तेव्हा मला ऐकू आलं. अगदी बारीक, तिच्या पाठीशी चाललेलं. मी श्वास रोखून कान दिला. सांगितलं ना, माझा कान चांगला आहे. चार महिन्यांत तो सा तसूभरही उतरला नव्हता.