माणसं मोजणारं विमान

रेवदंड्याच्या एस.टी. स्टँडवरून बंदराकडे निघालं की बर्फाच्या कारखान्याच्या अलीकडे एक निळ्या दाराची खोली लागते. तिथे नेत्रा बसते. होड्यांवरचे जीपीएस, मासे दाखवणारी यंत्रं, खाऱ्या हवेने गंजलेले वायरलेस, असलं सगळं तिच्याकडे येतं आणि बहुतेक वेळा दुरुस्त होऊन परत जातं. कोणी म्हणालं की मशीनला नजर लागली, की ती म्हणते, "नजर नाही, ओल लागलीय," आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलते.

त्या दिवशी चौलचा अल्पेश आला तो विमान काखेत मारूनच. अल्पेशचे चार ट्रक आहेत, पण त्याचा जीव रिमोटवर उडणाऱ्या विमानांत. दर रविवारी सकाळी किनाऱ्यावर तो विमान उडवायचा आणि दर रविवारी दुपारी ते नेत्राच्या टेबलावर यायचं. उडवण्यात तो वाघ होता. उतरवण्याचं मात्र काही विचारू नका.

"आज आपटलं न्हाय हां," तो दारातूनच म्हणाला. "आज नुसतं खोटं बोलतंय."

"कोण?"

"कंट्रोलर."

स्पीड कंट्रोलर म्हणजे काडेपेटीएवढी एक पट्टी. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसते आणि रिमोटच्या हुकमाप्रमाणे पंख्याचा वेग कमीजास्त करते. तिला वेगळा भोंगा नसतो. बॅटरी जोडली की ती मोटरच थरथरवून तिच्यातून आवाज काढते. बॅटरीत जितके सेल तितक्या आखूड शिट्ट्या, मग एक लांब शिट्टी. लांब शिट्टी म्हणजे: तयार आहे, उडव.

"माझी बॅटरी तीन सेलची," अल्पेश म्हणाला. "घरी लावली तर हा चार सांगतो. चार सेल समजून भर हवेत मोटर बंद केलीन म्हणजे?"

नेत्राने बॅटरी जोडली. पिप्, पिप्. पीऽऽप.

"इथे दोन सांगतोय," ती म्हणाली.

"बघ! बोललो ना, खोटारडा हाय."

नेत्राला असं काही आलं की बरं वाटायचं. तिने मीटर लावून बॅटरीचा एकेक सेल तपासला, तिन्ही ठणठणीत. दुसरी बॅटरी लावली, दुसरी मोटर लावली, स्वतःचा रिमोट लावला. उत्तर दोनच. मग थ्रॉटलची दांडी पूर्ण वर ठेवून तिने कंट्रोलरला प्रोग्रॅमिंगमध्ये नेलं. शिट्ट्यांच्या वेगवेगळ्या सुरांतून एकेक सेटिंग पुढे येत गेलं आणि तिने दांडी खाली ओढत एकेक निवडलं. ब्रेक बंद. सुरुवात हळू. बॅटरी संपत आली तर एकदम बंद न पडता वेग कमी करायचा. सगळं पुसून नव्याने भरलं. एवढ्यात धर्माकाका आत आले. होडीवरून निवृत्त झालेले जुने तांडेल. दुपारच्या चहाला रोज यायचे.

नेत्राने बॅटरी लावली. पिप्, पिप्, पिप्. पीऽऽप.

"झालं!" अल्पेशने टाळी दिली. "तीन!"

चहा झाला. काका गेले. अल्पेशने जाता जाता एकदा खात्री म्हणून बॅटरी जोडली आणि पुन्हा दोनच शिट्ट्या आल्या.

नेत्रा हातातला कप धुवायचं विसरून उभी राहिली. मग म्हणाली, "अल्पेश, जरा बाहेर जाऊन थांब. पार रस्त्यापलीकडे."

तो गेला. तिने बॅटरी लावली. एक.

पुढचा तासभर ती दोघं लहान पोरांसारखी खेळत होती. बर्फवाल्याला आत बोलावलं, तीन. त्याच्या भावाला बोलावलं; चार. मोबाइलचा परिणाम असेल म्हणून सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवले, तरी चार. मांजराला कंट्रोलरने गणलं नाही. एका खोलीइतक्या अंतरातली माणसं तो मोजत होता, त्यापलीकडची सोडून देत होता. नेत्राने वरचं प्लास्टिक कापून आत भिंग लावून पाहिलं. कुठल्याही कंट्रोलरमध्ये असतं तेच होतं, एक दाणा कमी नाही की जास्त नाही.

"कारण असणार," ती म्हणाली. "मला सापडलं नाही एवढंच."

"पण मग घरी चार कशाला सांगतो?" अल्पेशने विचारलं. "घरी आम्ही तिघं. मी, प्राप्ती, आई."

"चल, बघूया."

अल्पेशचं घर चौलला, सुपारीच्या वाडीत. त्याची बायको प्राप्ती शाळेत शिक्षिका. ती नुकतीच बाजारातून आली होती. अल्पेशची आई, नलूआई, ओट्यावर जवळ्यासारखं बारीक कोलीम निवडत होत्या. नेत्राने विमान पडवीत ठेवून बॅटरी जोडली. पाच शिट्ट्या. मग ती एकटीच फाटकापर्यंत गेली आणि अल्पेशला जोडायला सांगितलं. चार.

म्हणजे घरात कोणीतरी होतं.

अल्पेशने काठी घेतली. माळा पाहिला, पलंगाखाली वाकून पाहिलं, न्हाणीत डोकावला, भाताच्या कणगीवरही दोन फटके मारले. नलूआई शांतपणे म्हणाल्या, "तुजा बाबा असंल. माज्या हातचा जेवन सोरून कुठं जातंय तो?"

"आई, बाबांना मोजायचं तर मग आजोबापण मोज. वाडीभर होतील."

प्राप्ती मधल्या दारात उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसू दाबत होती.

"ती काठी ठेवा आधी," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर सांगणार होते. चौथं माझ्याकडे आहे."

अल्पेशच्या हातातली काठी ओट्यावर पडली. कोलीम सांडलं. नलूआईंनी त्याला एक शिवी दिली आणि दुसऱ्याच क्षणी पदर डोळ्यांना लावला.

त्या दिवसापासून तो कंट्रोलर घरातलाच एक झाला. अल्पेश म्हणायचा, "माझ्या पोराची पहिली हजेरी यानंच घेतली." सकाळी ट्रक बाहेर काढायच्या आधी बॅटरी लावून चार ऐकायचा आणि मगच चहा प्यायचा. किनाऱ्यावर तर मजाच. तो डोळे मिटून उभा राहायचा, शाळेची पोरं विमानाभोवती जमायची आणि तो शिट्ट्या ऐकून किती जमली ते सांगायचा. एकदा एक शिट्टी जास्त आली. शोधाशोध केल्यावर ओढून ठेवलेल्या होडीत जाळ्याखाली झोपलेला नामा खलाशी सापडला. त्याची बायको त्याला सकाळपासून शोधत होती! हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. आणि विमान म्हणाल तर मस्त उडत होतं.

नेत्रा मात्र प्रत्येक वेळी मनात ताळा करायची. तो एकदाही चुकला नाही.

मग एका रविवारी सकाळी घारीने विमानावर झडप घातली.

खाडीच्या तोंडावर हे घडलं. ओहोटी जोरात लागली होती. विमान गिरकी खात पाण्यात पडलं आणि पोट वर करून समुद्राच्या दिशेने वाहायला लागलं. नेत्रा म्हणाली, "जाऊ दे, दुसरं करू." पण अल्पेशने रिमोट तिच्या हातात कोंबला होता.

"विमान गेलं तर गेलं. कंट्रोलर न्हाय देत मी," तो म्हणाला आणि पळत सुटला.

कमरेइतक्या पाण्यापर्यंत तो दिसत होता. हात लांब करून त्याने पंख धरलाही. मग पायाखालची वाळू सरकली असावी. एकदा डोकं दिसलं, एकदा नुसता हात, मग फक्त पाणी.

नेत्रा इतकी ओरडली की तिचा आवाज पुढे चार दिवस बसला होता. धर्माकाका बंदरात होते. त्यांनी नामाला घेऊन होडी लोटली. तोवर किती वेळ गेला ते नेत्राला कधीच नीट सांगता आलं नाही. फार गेला, एवढंच. होडी परत आली तेव्हा अल्पेश तळाशी पडला होता, ओठ निळे, आणि मुठीत विमानाचा पंख घट्ट. काकांनी त्याला वाळूवर घेतलं आणि ते छाती दाबायला लागले. नामाने मान फिरवली. कोणीतरी प्राप्तीला फोन लावायला घेतला आणि लावला नाही.

काका थांबले नाहीत. घामाने निथळत होते, पण दाबत राहिले. आणि अल्पेशच्या तोंडातून भळकन पाणी आलं. तो खोकला. डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं.

"विमान गावलं का?" तो म्हणाला.

काकांनी आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग ते त्याला मिठी मारून लहान पोरासारखे रडले.

अलिबागच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. फुप्फुसं साफ, हृदय उत्तम. "नशीबवान आहात," ते म्हणाले. नेत्राने इकडे कंट्रोलर गोड्या पाण्याने धुतला, स्पिरिटने पुसला, उन्हात वाळवला. चालू झाला.

अल्पेश घरी आला त्या रात्री नलूआईंनी अंगणात जेवण घातलं. कोंबडीचा रस्सा, वडे, घावणे. घरचे तिघं, नेत्रा आणि धर्माकाका. अल्पेश नेहमीपेक्षा दुप्पट जेवला. बुडण्याची गोष्ट त्याने तीनदा सांगितली आणि दर वेळी घार मोठी होत गेली. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "आता हजेरी होऊ द्या. आम्ही पाच आणि माझा वाघ. सहा!"

नेत्राने बॅटरी जोडली.

पिप्, पिप्, पिप्, पिप्, पिप्. पीऽऽप.

 सगळ्यांनी प्राप्तीकडे पाहिलं. प्राप्तीने दोन्ही हात पोटावर ठेवले. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं नेत्राला कंदिलाशिवायही दिसलं असतं.

"खारं पाणी गेलंय त्यात," नेत्रा घाईने म्हणाली. "बिघडलाय तो. ऐकू नका त्याचं."

तरी कोणाला झोप लागली नाही. सकाळ होताच अल्पेश प्राप्तीला गाडीत घालून अलिबागला घेऊन गेला. दहाच्या सुमाराला नेत्राचा फोन वाजला. अल्पेश ओरडत होता. "ऐकलं मी! ठोके ऐकले! ट्रकच्या इंजिनासारखं धडधडतंय! एकदम ओके हाय पोर! फेकून दे तो डबा!"

नेत्रा खुर्चीत बसली आणि तिने डोळे पुसले. मग हसली. मग सवयीने तिने तो डबा टेबलावर घेतला. बिघडला असेल तर बिघाड सापडायला हवा.

खोलीत ती एकटी होती. बॅटरी लावली. एक.

दुपारी धर्माकाका चहाला आले. दोन.

संध्याकाळी प्राप्ती पेढे घेऊन आली. काका गेलेले होते. नेत्राने तिच्या पाठीमागे, टेबलाच्या आडून, बॅटरी जोडली. तीन. ती, प्राप्ती आणि बाळ.

"दुरुस्त झाला वाटतं?" प्राप्तीने आनंदाने विचारलं.

"झाला," नेत्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नलूआई सुपाऱ्या द्यायला आल्या. दोन.

बिघाड शोधायचा म्हणजे एकेक भाग बाजूला काढून तपासायचा. चांगला निघाला तो ठेवायचा. मग जो उरतो, तो. नेत्राने हे इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप चालायचे. या वेळी तिने हात थांबवले. मीटर बंद केलं आणि प्राप्तीला फोन करून बाळाच्या नावांबद्दल बराच वेळ बोलत बसली.

अल्पेशला कंट्रोलर टाकायचा नव्हताच. त्याने तो परत मागून नेला, नवं विमान बांधलं, पिवळंधमक. रविवारी सकाळी नेत्रा स्कूटर घेऊन किनाऱ्यावर पोहोचली. ऊन छान होतं, वारा बेताचा. अल्पेश वाळूत एकटाच फतकल मारून बसला होता, विमान मांडीवर, कान मोटरला.

"ये ये!" त्याने हाक मारली. "याला बघ जरा. नखरे करतोय."

"काय झालं?"

"काल संध्याकाळपासून चाललंय. मी एकटा असलो की मोजतच न्हाय. एकपण आखूड शिट्टी न्हाय. डायरेक्ट लांब मारतो. हे बघ."

त्याने बॅटरी जोडली.

पिप्. पीऽऽप.

"आता तू आलीस तर बोलला!" अल्पेश खदखदून हसला. "बायकांचा लाडका हाय मेला."

नेत्राही हसली. त्याच्या केसांत वाळू होती, कपाळावर घाम होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शर्ट उन्हाने तापला होता आणि आतला खांदाही गरम होता.

"थांब," ती म्हणाली. "मी लांबून ऐकते. आवाज कुठून येतो ते कळेल."

ती चालत गेली. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पलीकडे, खोलीभर अंतरापेक्षा पुष्कळ लांब. किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं. तिने वळून हात वर केला.

अल्पेशने बॅटरी जोडली. वारा तिच्याकडेच येत होता. सगळं स्वच्छ ऐकू आलं.

पीऽऽप.

अल्पेशने लांबूनच तिला अंगठा दाखवला. मग उठला, पँटवरची वाळू झटकली आणि विमान डोक्यावर धरून शीळ घालत पाण्याच्या दिशेने पळत सुटला.