खालच्या टोकाच्या शिरा

आधी राग ओकून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. राग आहे तो बाबांवर. चाळीस वर्षं त्यांनी लाकडी धनुष्यं केली, वीस वर्षं मला शिकवलं आणि एक नियम दिला, तो मात्र कारण न देता. "ज्याच्यासाठी धनुष्य, त्यानं शीर चावायची नाही." का? तर, "नाही म्हणजे नाही." माणूस की कुलूप!

लाकूड कितीही चांगलं असलं तरी ओढताना पाठीवर, म्हणजे बाहेरच्या अंगाला, तडकू शकतं. म्हणून जनावराच्या पायाच्या, टाचेमागच्या वाळलेल्या शिरा मोगरीनं ठेचायच्या, त्यांचे दोऱ्यासारखे तंतू सुटे करायचे, तोंडात चावून मऊ करायचे आणि कोमट सरसात बुडवून धनुष्याच्या पाठीवर शेजारी शेजारी चिकटवायचे. वाळताना शिरा आखडतात आणि धनुष्याला मागे खेचून धरतात. सगळी ताकद त्या ओढीत असते. चावायचं काम मात्र किळसवाणं. जबडा भरून येतो, जीभ खरखरीत होते आणि दुसऱ्या दिवशीही तोंडाची चव जात नाही.

हे धनुष्य माझ्या मुलीचं. बावीस वर्षांची आहे आणि तिरंदाजीची निवड चाचणी महिन्यावर आली होती. त्या दिवशी नेमकी माझी दाढ ठणकत होती. वरच्या अर्ध्या भागाच्या शिरा मी कशाबशा चावल्या.

"दे इकडे," ती म्हणाली. "आजोबांना नाही सांगायचं."

खालच्या अर्ध्या भागाच्या तिनं चावल्या. मीच दिल्या. ज्या नियमाला कारण नाही तो पाळायचा तरी कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी वरचं टोक नेहमीसारखं बोटभर मागे झुकलं होतं. खालचं चार बोटं. मी लाकडाला शिव्या घातल्या. त्याच दिवशी मुलगी म्हणाली, उजवी टाच ओढल्यासारखी वाटते. पाचव्या दिवशी टाच जमिनीला टेकेना. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, एक्स-रे काढला आणि म्हणाले, "बूट बदला." एवढं शिकून बूट बदला! मी तिथेच तोंड सोडलं. मुलीनं मला हाताला धरून बाहेर काढलं. दवाखान्याच्या पायऱ्या ती उजव्या पायाच्या चवड्यावर उतरली.

मी मोजून मगच विश्वास ठेवणारी बाई आहे. सकाळ-संध्याकाळ धनुष्याचं टोक मोजलं आणि टाच मोजली. खालचं टोक जेवढं सरके, तेवढीच टाच वर जाई. वरचं टोक होतं तिथेच होतं. आठव्या दिवशी दुपारी, तिला काही न सांगता, मी मागच्या खोलीत गेले आणि धनुष्याच्या खालच्या भागावर गरम पाण्यातलं फडकं गुंडाळलं. सरस मऊ पडायला दहा मिनिटं लागतात. मी घड्याळाकडे बघत बसले.

"आई!" बाहेरच्या खोलीतून आवाज आला. "टेकली गं!"

मग सगळंच उखडून टाकू, म्हणून मी सुरीच्या टोकानं एक तंतू उचलला.

ती किंचाळली.

मी सुरी खाली ठेवली.

बाबांना बोलावून घेतलं. ते चपला न काढताच आत आले, फडकं उचलून पाहिलं आणि पुन्हा नीट गुंडाळलं.

"कुणी चावल्या?"

"तिनं. मीच दिल्या. पण बाबा, तुम्ही कारण सांगितलं असतं तर..."

"मला कुठे माहीत होतं? माझ्या वडलांनी मला सांगितलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण कुणाकडेच नव्हतं! पिढ्यान्‌पिढ्या नुसते डोळे वटारत आले, आणि भोगायचं माझ्या लेकीनं.

"आता काय करू?"

"ओली ठेव. वाळू देऊ नकोस."

"किती दिवस?"

बाबांनी फडक्यावर आणखी पाणी शिंपडलं. ओली शीर सडते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आज सोळावा दिवस. दिवसातून दहादा फडकं बदलते. मुलगी सपाट पावलांनी घरभर हिंडते, जुन्या धनुष्यावर सराव करते, चाचणीचे दिवस मोजते.

सकाळी फडकं सोडलं आणि वास आला.

मी खिडकी उघडली. दुसरं फडकं पिळून घेतलं, घट्ट गुंडाळलं. तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. हातात उजव्या पायाचा मोजा होता.

"आई, तीनदा धुतला गं हा. तरी याला कसला वास येतोय?"