साडेपाचची नोंद

देशभरातल्या हवामानाच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करून पुढचा अंदाज बांधणारी संगणक प्रणाली हवामान खात्यातली ती अभियंता चार वर्षं खपून उभी करत होती. सोमवारी प्रणाली सुरू व्हायची होती, आणि घोडं अडलं होतं टेकडीवरच्या एका केंद्रापाशी. तिथला निरीक्षक निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. जागेवर दुसरं कुणी नेमलेलंच नाही. तरी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, नोंदी येतच होत्या. अगदी बिनचूक.

"कोण पाठवतंय ते बघ, नाहीतर केंद्रच काढून टाक," साहेब म्हणाले. "उद्या खोट्या आकड्यांवर पुराचा इशारा दिला, तर लोक आपल्या नावानं खडे फोडतील."

ती पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. गवत कमरेइतकं वाढलेलं, पण तापमापकाच्या पांढऱ्या पेटीपर्यंत जाणारी पायवाट मात्र रोजच्या वापरातली, मळलेली. शेजारच्या खोलीचं दार म्हाताऱ्या निरीक्षकानं उघडलं. निवृत्तीनंतरही तो तिथंच राहत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"या ताई. आज जरा लवकर?"

"मी पहिल्यांदाच येतेय, काका."

तो खुदकन हसला. "म्हाताऱ्याची थट्टा करता होय? तीन वर्षं दोन्ही वेळेला येताय. दिसत नसलं तरी आवाज ओळखतो मी."

म्हाताऱ्याला भ्रम झालाय, असं मनाशी म्हणत तिनं टेबलावरची नोंदवही उघडली. पानामागून पान तिच्याच अक्षरात भरलेलं होतं. तेच तिरके आकडे, तोच घाईत अर्धा राहिलेला आठ. आज सकाळची नोंदही होती. सकाळी साडेआठला तर ती घरी आईला औषध देत होती... देत होती ना?

"काका, ती... म्हणजे मी, काही बोलते का हो?"

"फारसं नाही. जाताना एवढंच विचारता, 'दुसरी आली का?'" म्हातारा बोलता बोलता अडखळला. "मला कधी कळलंच नाही, दुसरी म्हणजे कोण..."

बाहेर फाटक करकरलं. पायवाटेवर पावलं वाजू लागली, सावकाश, ओळखीच्या वाटेवरून चालल्यासारखी. खोलीत एकाएकी ओल्या मातीचा वास भरला. आभाळ तर कोरडं ठणठणीत होतं.

म्हाताऱ्यानं आधी दाराकडे कान दिला, मग तिच्या श्वासाकडे. चाचपडत त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला मागच्या दारापाशी नेलं.

"जा, ताई... मागं वळून बघू नका. मी सांगतो तिला, कुणी आलं नाही म्हणून."

गाडी कशी चालवली, ते तिला आजही आठवत नाही.

सोमवारी प्रणाली सुरू झाली. ते केंद्र काढून टाकायला तिचा हात काही धजावला नाही. साहेबांनाही तिनं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. नोंदी अजून येतात. तापमान, आर्द्रता, पाऊस, सगळं बिनचूक. फक्त शेऱ्याचा रकाना, जो तीन वर्षं कोरा होता, त्यात आता रोज संध्याकाळी दोन ओळी असतात.

'म्हातारा खोटं बोलतो. दुसरी आजही आली नाही.'