वरच्या गावचं पान

रत्नागिरीहून स्वतःची गाडी नसतानाही चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन एका दिवसात परत येता येतं, हे हर्षदनं शोधून काढलं होतं. पहाटेची पॅसेंजर पकडायची, संगमेश्वरला उतरायचं आणि स्टँडवरून आंबोळशेतची एसटी धरायची. आंबोळशेत अगदी सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. एसटी तिथंच वळते, पुढे रस्ता नाही. वनखात्याची परवानगी काढून, गावातला वाटाड्या घेऊन डोंगर चढायचा, की वर उद्यानाची हद्द लागते.

आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हर्षद मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर मान खाली घालून बसायचा आणि सुट्टीला मान वर करून पक्षी बघायचा. त्याला रानातला ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, बघायचा होता. मला नुसतंच त्याच्याबरोबर जायचं होतं.

मार्गशीर्षातले दिवस होते. पॅसेंजरच्या खिडक्या लावून घेतल्या तरी थंडी आत येत होती. संगमेश्वर स्टँडवर आम्ही चहा घेतला, एसटीत मागची सीट मिळाली, आणि उन्हं जरा वर आली तेव्हा आंबोळशेतला उतरलो. वाटाड्या थांब्यावरच उभा होता. धाकू त्याचं नाव. पन्नाशीचा, कमरेला आकडीत कोयती, बोलणं मोजकं. मी त्यांना धाकूमामा म्हणायला लागले. अर्धा डोंगर चढून झाल्यावर ते आपणहून एवढंच म्हणाले, "वर आमचा गाव व्हता. उद्यान झालं नि आमी खाली आलो."

वर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. झाडीच्या मधेच एकदम सपाटी लागली आणि चिऱ्याची जोती दिसायला लागली. घरं नव्हती, नुसती जोती. एका ठिकाणी तुळशीचं वृंदावन होतं, त्यातून कसलंसं रानटी झुडूप वर आलं होतं. पाखरांचा आवाज नव्हता. जमिनीतून एक आंबूस वास येत होता, रात्रभर उघड्या राहिलेल्या पेजेला सकाळी येतो तसा.

"गवे हायत काय जरा बघून येतो," धाकूमामा म्हणाले. "तुमी हितंच बसा. आत शिरू नका."

ते पुढे गेले. मी जवळच्या पऱ्यावर, त्या बारक्या ओढ्यावर, पाय धुवायला उतरले. फार वेळ नाही लागला मला. वर आले तर हर्षद सांगितल्या जागी नव्हता. तो एका जोत्यासमोर मांडी घालून बसला होता आणि जेवत होता.

मला आधी वाटलं, आपलाच डबा उघडला यानं. पण डबा सॅकमध्ये तसाच होता. त्याच्यापुढे केळीचं पान होतं. मग माझं लक्ष गेलं, प्रत्येक जोत्यापुढे एकेक पान मांडलेलं होतं.

"ये, बस," तो म्हणाला. "गरम आहे अजून."

मी जवळ गेले. पानाच्या कडा काळ्या पडून वळल्या होत्या. भात कित्येक दिवसांचा असावा. राखाडी झाला होता, बोटांना लागून त्याला तार सुटत होती. बाजूला डाळीसारखं काहीतरी होतं, त्यावर पांढरी लव आलेली. मुंग्यांची रांग भातात शिरून दुसरीकडून बाहेर पडत होती. हर्षदनं ते सगळं मऊ कालवलं, मुंग्यांसकट, आणि मोठा घास घेतला. एक मुंगी त्याच्या ओठावरून चालत गालावर गेली. त्यानं ती जिभेनं आत ओढली.

मी त्याचा दंड धरला. "हर्षद, थुंक ते. थुंक आधी."

"पान टाकून कसं उठू?" तो म्हणाला. अगदी शांतपणे, लग्नाच्या पंगतीत म्हणावं तसं.

तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. धाकूमामा उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"खाल्लान?" त्यांनी मला विचारलं.

"बघताय ना तुम्ही."

"मग वैनी, आता त्यांना उठवू नका. पान संपू दे. अर्ध्यावरनं उठायचं नाय."

"सडलंय ते! माणूस मरेल."

मी हर्षदला काखेत हात घालून उठवला, पऱ्यावर नेला, चूळ भरायला लावली. घशात बोट घालायला लावलं. काही पडलं नाही. धाकूमामा लांबूनच बघत होते. डोंगर उतरताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. थांब्यावर मात्र त्यांनी मला त्यांचा नंबर पुन्हा नीट घ्यायला लावला.

परतीच्या एसटीत हर्षद खिडकीशी बसला होता. थोड्या वेळानं मला आवाज यायला लागला. चपक, चपक. ओल्या तोंडानं चघळण्याचा.

"काय खातोयस?"

"काही नाही."

"तोंड उघड."

त्यानं उघडलं. स्वच्छ होतं, जीभ, दात, सगळं. त्यानं तोंड मिटलं आणि जबडा पुन्हा हलायला लागला. मग त्यानं गिळलं. कंठ वरखाली झालेला मला दिसला.

संगमेश्वरहून गाडी मिळाली तेव्हा अंधारलं होतं. डब्यात समोर एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. उक्षी स्टेशन येईपर्यंत ती दोनदा पदर नाकाला लावून इकडेतिकडे बघत होती. वास मलाही येत होता. तोच, आंबलेल्या पेजेचा, पण आता त्यात तोंडाची ऊब मिसळली होती. हर्षदच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक शीत बाहेर आलं आणि हनुवटीवर चिकटलं. राखाडी, फुगलेलं शीत. मी रुमाल काढेपर्यंत दुसरं आलं. ती बाई मुलीला उचलून दुसऱ्या डब्यात गेली.

"हर्षद..."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही गाल भरलेले होते. त्यानं डोळे मिटून गिळलं आणि घाईघाईनं म्हणाला, "थांबत नाहीये गं. गिळतोय तोवर परत..." आणि पुढचा शब्द बुडाला.

घरी आल्यावर मी बादली दिली. तो थुंकायचा, थुंकून संपायच्या आत तोंड भरायचं. थुंकायला थांबला की श्वास अडकायचा, म्हणून तो गिळायचा. गिळून गिळून पोट नगाऱ्यासारखं ताणलं. डॉक्टरांनी तपासलं, अन्न पचलेलं नाही म्हणाले, सुई दिली. मी सांगते ते त्यांना खरं वाटलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. तो झोपू शकत नव्हता. डोळा लागला असता तर गुदमरला असता. मी शेजारी बसून त्याला हलवत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्याच्या तोंडाकडे बघणं मला सहन होत नव्हतं. माझं माणूस होतं ते. पण हात लावताना माझी बोटं आखडत होती. मुंग्या दाराखालून आत आल्या होत्या आणि भिंतीकडेनं पलंगाकडे चालल्या होत्या.

उजाडलं तसा मी धाकूमामांना फोन लावला. त्यांच्या बायकोनं घेतला, जनीकाकीनं. मी एवढंच म्हटलं, "काल वर माझ्या नवऱ्यानं..." ती म्हणाली, "म्हायत हाय. आना त्यांना. उशीर नका करू."

भाड्याची गाडी केली. हातखंब्याच्या नाक्यापर्यंत पोचलो असू, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, खिडक्या उघडल्या आणि आम्हाला उतरायला सांगितलं. सीटवर ओघळ आला होता. मी त्याला दोष देत नाही. नाक्यावर संगमेश्वरची एसटी मिळाली. कंडक्टरनं आम्हाला मागच्या दाराशी बसवलं आणि पुढच्या सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. त्या प्रवासात हर्षदनं माझा हात धरला होता. बोलता येत नव्हतं त्याला. फक्त गिळायचा, आणि दर वेळी माझा हात दाबायचा, म्हणजे मला कळावं की तो अजून आहे.

धाकूमामा आणि जनीकाकी दोघं थांब्यावर होती. धाकूमामांनी त्याला एका बाजूनं धरला, मी दुसऱ्या. चढताना जनीकाकी सांगत होती, हळूच, जणू कोणी ऐकेल. "आमी खाली आलो. पन ज्यांना आधीच तिथं पुरलंला, ती कशी येनार? घराघराची हायत. बाळंतपनात गेलेल्या बायका हायत, हिरव्या चुड्यासकट पुरलेल्या, बारकी पोरं हायत. वर्साकाठी त्यांना नवा भात वाढतो नि मागं न बघता उतरतो. आपलं मानूस त्यातलं खात नाय. कोन पानावर बसला नि अर्धं टाकून उठला, की त्यांना वाटतं याचं पोट नाय भरलं. मग वाढीत ऱ्हातात."

"किती दिवस?"

तिनं चाल वाढवली.

वर पोचलो. बाकीची पानं पाखरांनी, खारींनी साफ केली होती, नुसती सुकलेली सालटं उरली होती. हर्षदचं पान तसंच होतं. तसंच म्हणजे, काल तो उठला तेव्हा भात निम्मा उरला होता. आज ढीग होता.

त्याला समोर बसवला. त्यानं हात पुढे केला, पण तोंडात जागाच नव्हती. घास आत जाण्याऐवजी आतलं बाहेर आलं, पानावर पडलं. त्याचा चेहरा निळसर व्हायला लागला होता.

"तुमी बसा, वैनी," जनीकाकी म्हणाली. "नवऱ्याचं उष्टं बायकोनं संपवलं तर चालतंय. आमी बघनार नाय. बघायचं नसतं." आणि दोघांनी पाठ फिरवली.

मी बसले. डाव्या हातानं नाक घट्ट दाबलं आणि उजव्या हातानं पहिला घास घेतला. तो गार होता, बुळबुळीत, आणि दातांखाली मुंग्या फुटत होत्या. जिभेवर आंबट, मागून कडू. मी न चावता गिळला. तो उलटून आला, तो परत गिळला. त्यात हर्षदच्या तोंडातून पडलेलं होतं, तेही खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी खात राहिले, खात राहिले, आणि ढीग कमीच होईना. एवढंसं पान, पण माझं पोट टच्च झालं, घशाशी आलं, तरी खाली भातच. मला वाटलं, आता आपणही... आपल्यालाही इथंच...

मग एकदम बोटांना पानाची शीर लागली. मी शेवटची शितं पुसून घेतली. समोर हर्षदनं मोठ्यानं श्वास आत ओढला, बुडालेला माणूस वर आल्यावर ओढतो तसा. त्याचं तोंड रिकामं होतं.

पऱ्यावर मी किती वेळ चुळा भरत होते कोण जाणे. हर्षदला त्यानंतर कधी काही झालं नाही, हे सांगून टाकते. तो नीट जेवतो, नीट झोपतो. मीही बरी आहे.

पण त्या दिवशी परतीच्या एसटीत, गाडीनं आंबोळशेत सोडल्यावर, तो बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडला होता. मग हळू आवाजात म्हणाला, "तुला तिचा राग नाही आला?"

"कुणाचा?"

"ती वाढणारी. तू एक घास घेतलास की ती दोन घालायची. वाकून, हातानंच. कालपासून मलाही असंच..." तो थांबला. "नको म्हणायला तोंड तरी रिकामं हवं ना."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"बरं झालं तू शेवटी पानावर हात आडवा धरलास," तो म्हणाला. "त्याशिवाय ती थांबलीच नसती."

माझा डावा हात सगळा वेळ नाकावर होता. उजवा तोंडाशी.

"कुठला हात?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पानावर मी कुठला हात धरला, हर्षद?"

तो आठवत राहिला. मग त्यानं माझा हात उचलून मांडीवर घेतला, माझ्या नेहमीच मोकळ्या असणाऱ्या मनगटावरून बोट फिरवलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बांगड्या काढून ठेवल्यास?" तो म्हणाला. "हिरव्या होत्या... पार कोपरापर्यंत."