मुक्कामाची फेरी

बाहेर पाऊस लागून राहिला होता, विमानं खोळंबली होती, आणि पायलटांच्या खोलीत कॉफीपाशी बसलेली को-पायलट अगदी रंगात आली होती.

"दुसऱ्या शहरातल्या बेसवरचा तो चिकटराव म्हणजे ना... देतो कोंडा, मागतो दाणा!" ती मैत्रिणीला सांगत होती. मग आवाज घोगरा करून, मान तिरकी करून तिने त्याची नक्कलच केली. "'मॅडम, तुमच्या शहरात मुक्काम असलेली ट्रिप मला द्याल का? बदल्यात माझी पहाटेची घ्या ना...' पहाटेची! इथे राहून ह्याला करायचं तरी काय असतं? कोणीतरी ठेवली असेल!"

मैत्रीण हसली नाही. ती हिच्या खांद्यामागे बघत होती.

मागे एक उंच पायलट उभा होता. दोन्ही हातांत कॉफीचे कप.

"आवाज छान जमलाय," तो म्हणाला. "मान तिरकी करतो की नाही, ते मात्र तुम्हाला फोनवरून कसं कळलं?" एक कप त्याने तिच्यापुढे ठेवला. "आवाजावरून ओळखलं तुम्हाला. म्हणून आणला होता."

आणि तो निघून गेला.

"अगं, त्याचे वडील इथे असतात, थोरल्या मुलाकडे," मैत्रीण हळूच म्हणाली. "अर्धांगाने वाचा गेलीय त्यांची. दाढी फक्त ह्याच्याच हातून करून घेतात."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस तर!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचेच शब्द कानात वाजत राहिले. शेवटी तिने त्याला फोन केला. "मुक्कामाच्या माझ्या सगळ्या ट्रिपा तुम्ही घ्या. बदल्यात काही नको."

पलीकडून उत्तर आलं, "दान नको, मॅडम."

म्हणजे इथेही चुकलंच.

पुढच्या खेपेला तो उतरला, तेव्हा ती सुट्टी असूनही विमानतळाच्या कर्मचाऱ्यांच्या दाराशी उभी होती. ओलीचिंब.

"छत्री?"

"विसरले... माफी फोनवर मागायची नव्हती. मी फार घाणेरडं बोलले."

"चिकटराव आवडलं मला." तो हसला, मग थबकला. "ते 'ठेवली असेल' मात्र लागलं. कारण... त्यात थोडं खरं होतं."

तिने दचकून वर पाहिलं.

"बाबांसाठी येतो, हे खरंच. पण अशा ट्रिपा इतरांकडेही असतात. त्यांना कधी विचारलं नाही... तुम्हालाच फोन करायचो. आजारी बापाच्या नावाखाली! माझीच मला लाज वाटायची."

पावसाचं पाणी तिच्या पापण्यांवरून ओघळत होतं. ते पुसायचंही तिला सुचेना.

"मग... पुढच्या वेळी नुसताच करा ना फोन," ती कशीबशी म्हणाली. "ट्रिप न मागता."

"आत्ता घरी येता? बाबांना भेटायला?"

"कुठल्या तोंडाने येऊ?"

"त्यांना काही माहीत नाही. आणि कळलं तरी ते कोणाला सांगणार आहेत?"

ती फस्सकन हसली, आणि हसल्याचीही तिला लाज वाटली.

वडील खुर्चीत बसले होते. परकी मुलगी दारात दिसताच त्यांनी चालत्या हाताने टॉवेल ओढला आणि वाढलेल्या दाढीसकट चेहरा झाकून घेतला. त्यांचा संकोच तिला बरोबर कळला. इतके दिवस ती दुसरं काय भोगत होती?

"होऊ द्या तुमचं, काका," ती म्हणाली. "मी नाही बघत." आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

वहिनींनी गरम पाणी आणून ठेवलं. ब्रशचा फेस, मग वस्तऱ्याची हलकी खरखर... आणि त्या खरखरीतून त्याचा खालचा आवाज.

"बाबा, ही तीच. मी सांगायचो ना... मला फार आवडते ती."



खुर्चीच्या हातावर बोटं वाजली. एकदा. पुन्हा एकदा, जरा घाईने.

"बोलावताहेत तुला," तो म्हणाला.

ती वळली.