ऑर्फाने दिलेली ओळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

पण हे खरंच घडलंय, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत घडलं तो माझा सख्खा मामा आहे. हॅस्केलमामा. गाणी रेकॉर्ड करणं हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. माणूस इतका घुमा, की थाप मारायची म्हटली तरी त्याला जमायची नाही.

रात्रबित्र नव्हती. ऑक्टोबरातला शनिवार, दुपारचे अडीच, लख्ख ऊन. अमेरिकेत, पूर्व केंटकीत आमच्या खोऱ्यातलं जुनं लाकडी चर्च.

आत दोघंच. मामा आणि व्हर्लिन स्टॅम्पर.

व्हर्लिन म्हणजे आमच्या खोऱ्यातून नॅशव्हिलला, रेकॉर्ड कंपन्यांच्या शहरात, गेलेला कंट्री गायक. वय शहात्तर. घशात गाठ. मंगळवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज जाईल.

शेवटच्या अल्बमची नऊ गाणी झाली होती. दहावं राहिलं होतं, आमच्या चर्चमधलं जुनं स्तोत्र.

आमच्याकडे वाद्यं नाहीत. एक पुरुष भराभर ओळ देतो, मग सगळे ती लांबवून गातात. दिलेली ओळ अधांतरी सोडायची नाही. कुणीतरी ती उचललीच पाहिजे.

"मी नुसत्या ओळी देतो," व्हर्लिन म्हणाला. "मध्ये जागा सोडतो. लोकांचं गाणं तू उद्या रविवारी भर."

"दादा, रिकाम्या चर्चमध्ये ओळ देऊ नये. उद्याच ये की सगळ्यांसमोर."

"कुठल्या तोंडाने येऊ? सख्ख्या बहिणीच्या मातीला आलो नाही मी. इथल्या बाया मला फाडून खातील."

ऑर्फा त्याची थोरली बहीण. तरुणपणी दोघं जोडीने गायची. नॅशव्हिलहून बोलावणं आलं ते एकट्या व्हर्लिनला. हा गेला. तिने पुन्हा गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. मार्चमध्ये वारली.

"मंगळवारनंतर मी मुका रे, हॅस्केल. एवढं गाऊ दे, लेका."

मामाला नाही म्हणवलं नाही. त्याने हेडफोन चढवले, मशीन सुरू केलं.

व्हर्लिनने पहिली ओळ दिली. आवाज फाटलेला. मग जागा सोडली.

शांतता.

दुसरी ओळ. पुन्हा जागा...

कुणीतरी श्वास घेतला.

तो व्हर्लिनचा नव्हता. श्वास डावीकडून आला होता. डावीकडे आमच्या बायका बसतात. बाकं रिकामी होती.

तिसरी ओळ. जागा...

आणि एक बारीक, उंच बायकी आवाज ती ओळ गाऊ लागला.

मामाने मशीनकडे पाहिलं. आवाज दाखवणारा काटा हलत नव्हता. हेडफोन काढले, तरी आवाज येतच होता.

व्हर्लिनच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यालाही ऐकू येत होतं. तो थांबला नाही. एकेक ओळ देत गेला आणि ती एकेक उचलत गेली. तसं स्तोत्र संपलं.

मामाने हुश्श केलं. मशीन बंद करायला हात पुढे केला...

तेवढ्यात डावीकडून एक ओळ आली.

आमच्या चर्चमध्ये बाई कधी ओळ देत नाही. शंभर वर्षांत कुणी दिलेली नाही. आणि ती ओळ त्या स्तोत्रातली नव्हतीच.

'भावा, घरी ये. तुझी जागा राखलीय.'

मामा जोरजोरात मान हलवू लागला. "नको दादा! उचलू नकोस!"

व्हर्लिनने त्याच्याकडे पाहिलं. दिलेली ओळ अधांतरी कशी सोडणार?

त्याने उचलली. विशीतल्या पोराचा आवाज होता तो. खणखणीत, कुठेही फाटलेला नाही. मामा म्हणतो, एवढं सुंदर गाणं मी जन्मात ऐकलं नाही, आणि एवढा घाबरलोही नाही.

ओळ संपली. व्हर्लिन काहीतरी बोलायला गेला. ओठ हलले.

आवाज आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

ऑपरेशनला अजून तीन दिवस होते.

घरी येऊन मामाने टेप ऐकली. व्हर्लिनने दिलेली एकही ओळ तिच्यावर नव्हती. नुसती शांतता. अल्बम नऊ गाण्यांचाच निघाला.

ऑपरेशननंतरच्या रविवारी मामा चर्चला गेला. व्हर्लिन तेव्हा साडेतीनशे किलोमीटरवर दवाखान्यात पडून होता, गळ्याला टाके. इथे तेच स्तोत्र सुरू झालं. म्हाताऱ्या धर्मगुरूंनी ओळ दिली, सगळ्यांनी उचलली...

आणि डावीकडून, बायकांच्या आवाजांतून, एक पुरुषी आवाज वर चढला. विशीतला.

बायका गाता गाता थबकल्या. एकमेकींकडे बघू लागल्या. तो आवाज एकटाच ओळ पुरी करून थांबला.

सोमवारी मामा दवाखान्यात गेला आणि व्हर्लिनला सगळं सांगितलं. मामाला वाटलं होतं, हा घाबरेल. व्हर्लिनने वही ओढली आणि लिहिलं, "तिनेच ठेवून घेतलाय. मी मागायला गेलो तर मलाही सोडायची नाही."

मग भिंतीकडे तोंड करून तो रडला. नुसते खांदे हलत होते. आवाज नव्हताच.

दोन वर्षांनी तो गेला. त्याला नॅशव्हिललाच पुरलं. इकडे आणू नका, असं त्याने लिहूनच ठेवलं होतं.

मामाने चर्च सोडलं. मी अजून जातो. ते स्तोत्र सुरू झालं की डावीकडे बघत नाही, एवढंच.

गेल्या रविवारी तो आवाज उचलत नव्हता. ओळ देत होता.

आम्ही कुणीच ती उचलली नाही.