चर्चच्या दारावरची थाप

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण माझ्या मावशीसमोर हसू नका.

कातांदुआनेस बेटाचा पूर्व किनारा. नोव्हेंबरमधला रविवार... आणि तेही भरदिवसा.

चार दिवसांपूर्वी दूर समुद्रात ते वादळ जन्मलं, तेव्हा अगदीच किरकोळ होतं. तिसऱ्या दिवशी त्याला डोळा फुटला. रेडिओ म्हणत होता, उत्तरेकडून निघून जाईल. गाव निर्धास्त होतं.

पुरिता मावशी गावच्या कचेरीत वॉकीटॉकी सांभाळायची. तिचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा मानोय, मेल्चोर समोरच्या छोट्या बेटावर बायकोसोबत राहायचा, मासे धरायचा. वारा फिरला की तोच आधी कळवायचा.

पाच दिवस त्याचा एक शब्द आला नव्हता.

सकाळी आठला वॉकीटॉकी खरखरली... भावाचाच आवाज.

"पुरिंग, वादळ वळलंय. सरळ तुमच्यावर येतंय. माणसं वर चर्चमध्ये ने."

गावप्रमुख लिबोरियो हसला. "तुझ्या मानोयला सकाळीच माडी चढली वाटतं."

पण निरोप येतच राहिले. वारा उत्तरेचा झाला. आता झोत सुरू झाले. आता माड मोडतायत. तो जे बोले, ते पाऊण तासात गावात घडे. रेडिओनेही शब्द फिरवला, पण तोवर साडेदहा झाले होते. मावशीने दारोदार फिरून, शिव्या खाऊन त्रेचाळीस माणसं त्या दगडी चर्चमध्ये कोंबली.

बाराला वादळ आदळलं.

शाळेचं छप्पर उडालं. पत्रे हवेत पात्यांसारखे फिरू लागले. एका पत्र्याने लिबोरियोची म्हैस उभी चिरली. समुद्राने घरं उचलली आणि एकमेकांवर आपटून फोडली. चर्चची खिडकी फुटली, काच एका बाईच्या गालात घुसली. ती किंचाळली, पण शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

मग अचानक...

सगळं थांबलं.

वर निळं आभाळ. वादळाचा डोळा.

माणसं पायरीवर आली. वॉकीटॉकी बोलली, आत व्हा, मागची बाजू याहून वाईट आहे. मावशीने सगळ्यांना आत ओढलं. अडसर घातला, त्याला बाकं लावली.

वारा उलटा फिरून आला. आता तो थेट दारावरच होता. दहा पुरुष दाराला पाठ लावून उभे राहिले.

आणि दारावर थाप पडली.

एक... दोन... तीन.

"पुरिंग, मी आहे. उघड."

मेल्चोरचा आवाज, दाराच्या फटीतून.

मावशीचा हात अडसरावर गेला.

तेवढ्यात कमरेची वॉकीटॉकी बोलली. तिने बोलायचं बटण दाबलंच नव्हतं; इथली थाप पलीकडे ऐकू जायचं कारणच नव्हतं. आवाज तोच... पण शांत.

"मी तर बेटावर आहे, पुरिंग. दाराशी कोण आहे?... उघडू नकोस."

लिबोरियो तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "दार उघडलं तर छप्पर जाईल. पोरंबाळं आहेत आत."

बाहेर थापा पडतच होत्या. मग लाकडावर नखं घासल्याचा आवाज. मग कुणीतरी रडत होतं...

मग नुसता वारा.

मावशीने दार उघडलं नाही.

चारला वारा उतरला. पायरीच्या कोपऱ्यात, पडलेल्या खांबाखाली मेल्चोर अडकला होता. मेलेला. बोटांची नखं उलटली होती. दारावर खोल ओरखडे होते. खाली खडकांत त्याची फुटकी होडी सापडली.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला, नार्सिंगला, होडीतून आणलं. बेटावरच्या गुहेत लपून ती वाचली होती. तिने फडक्यात बांधलेली वॉकीटॉकी मावशीपुढे ठेवली. वादळाआधीचे पाच दिवस ही बंदच होती, म्हणाली. आतले सेल फुटून हिरवे पडले होते. लाटा बघूनच मेल्चोरला कळलं होतं की वादळ वळलंय. म्हणून बहिणीला सांगायला तो स्वतः होडी घेऊन निघाला होता.

पहाटे पाचला.

पहिला निरोप आला होता आठला...

मग दिवसभर बोलत कोण होतं? त्याचा एकही शब्द खोटा निघाला नाही. ते एक वाक्य सोडून.

गाव मावशीचे उपकार मानतं. ती खाली मान घालून ऐकून घेते. पण पूर्वेला वादळ धरलं की घराचं एकही दार लावू देत नाही. वारा आत घुसतो, भांडी उडतात, ती उंबऱ्यावर बसून राहते.

परवा बातम्यांत नवं वादळ आलं. मी तिच्याकडेच होतो. अंधार पडू लागला तसा दार लावायला उठलो, तर तिने माझं मनगट धरलं.

दार उघडंच राहिलं... आणि मला काही केल्या त्याच्याकडे पाठ करून बसता येईना.